अंतराळ लिफ्टची तार तुटली तर?

म्हैसूरजवळच्या वरुणा गावातली डिश अँटेना ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबर फिरत असतो. जमिनीपासून थेट अंतराळात चढणाऱ्या अंतराळ लिफ्टची तार त्याच्याही पलीकडे जाईल. १८९५ साली रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांना सुचलेली ही कल्पना अजून कागदावरच आहे, पण ती तार तुटली तर काय, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

जमिनीलगत तुटली तर खाली जवळजवळ काहीच पडणार नाही. ताणलेली तार वर निघून जाईल. त्या उपग्रहाच्या, म्हणजे भूस्थिर उंचीवर तुटली, तर मात्र खालचा सगळा भाग कोसळेल, आणि तोही सरळ नव्हे. तार जितकी उंच, तितकी तिची पूर्वेकडची गती जास्त. म्हणून ती पूर्वेला झुकत विषुववृत्ताभोवती गुंडाळली जाईल. पृथ्वीचा घेर तिथे ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण वेढा! वेगाने येणारा वरचा बराच भाग हवेतच जळेल. वरुणा मात्र या पट्ट्यापासून १,३०० किलोमीटरहून अधिक उत्तरेला आहे.

अंतराळात तार तुटल्याचं खरं उदाहरणही आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया यानातून सुमारे २० किलोमीटर तारेला बांधून एक उपग्रह वर सोडला होता. विजेच्या ठिणगीने तार जळून तुटली. उपग्रह लगेच खाली पडला नाही. आणखी वरच्या कक्षेत निघून गेला.