हाडांना पोहोचणारा निरोप



हाडे म्हणजे देहाचा निर्जीव सांगाडा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः हाड आयुष्यभर झिजत आणि घडत असते. ते घडविणाऱ्या पेशींना अस्थिजनक पेशी म्हणतात. प्रौढ देहात सुमारे १ किलो कॅल्शियम असते. त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत. उरलेला अल्पांश मला अधिक विलक्षण वाटतो, कारण तो दूताचे काम करतो.

कॅल्शियमवाचून बेडकाचे हृदय नीट आकुंचन पावत नाही, हे सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखविले. या दौत्याचा तो पहिला सुगावा. पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. पेशी ते अखंड उपसत असते. म्हणूनच दार किंचित किलकिले झाले, तरी आत शिरलेला ओघ तिला तत्काळ जाणवतो. आपण जिना चढतो, तेव्हा हाडावरील ताणाने अशी दारे उघडतात. त्यांपैकी ‘पिएझो-१’चा शोध २०१० मध्ये लागला आणि अर्डेम पाटापुटियन २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. कॅल्शियमची ही लाट शेजारच्या पेशींतही पसरते आणि नवे हाड घालण्याच्या कामास चालना मिळते. अंतराळवीरांच्या हाडांवर भारच पडत नाही. त्यांच्या कमरेच्या व मांडीच्या हाडांची घनता दरमहा सुमारे १ टक्क्याने घटते. आम्हां सत्तरीच्या मंडळींनी आरामखुर्चीत बसून याचा विचार करावा!

पण दूत शहाणा असून भागत नाही, माल हवा. आपल्याच प्रदेशातील मंडला जिल्ह्यात तिलईपानी नावाचे गाव आहे. तेथील पाण्यात फ्लोराइड फार. फ्लोराइड अस्थिजनक पेशींना चिथावते, हाड वाढतेही. परंतु आहारात कॅल्शियम तुटपुंजे असेल, तर ते हाड कच्चे राहते आणि भाराखाली वाकते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील मुलांचे गुडघे आत वळलेले आढळले. मोजपट्टी लावून पाहावे असे ते वाकणे नव्हते; दुरूनही दिसे. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रातील संशोधकांनी निर्दोष पाण्याबरोबर कॅल्शियमयुक्त आहाराचा आग्रह धरला. त्यात एक रानभाजी होती. इकडे तिला चकोडा म्हणतात, विदर्भात तरोटा, कोकणात टाकळा. पावसाळ्यात ती रस्त्याकडेला फुकट उगवते.