देशी गाडी, परदेशी गाडी आणि कामगाराचा शत्रू

कामगारांच्या अभ्यासवर्गात व्यापार-धोरणाचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : बाहेरचा माल अडवला तर आपल्या कामगाराची नोकरी वाचेल की नाही? विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. ज्याच्या घरातला पगार थांबला आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नसतो. परंतु या प्रश्नातल्या 'आपला' या शब्दाची झडती घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे. कंपनी आपली की कामगार आपला? आणि कामगार आपला असेल, तर सगळेच कामगार आपले की त्यांतले काहीच?

ही झडती घेण्यासाठी मी अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहराचे उदाहरण घेतो. देशी मोटार की परदेशी मोटार हा वाद तेथे कारखान्यात, प्रतिनिधीगृहात आणि रस्त्यावरही लढला गेला. त्याची किंमत कोणी मोजली, हे आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम तेथील युनियनविषयी. युनायटेड ऑटो वर्कर्स ही मोटार कामगारांची संघटना १९३५ साली स्थापन झाली. डिसेंबर १९३६ च्या अखेरीस फ्लिंट येथील कामगार जनरल मोटर्सच्या कारखान्यांतच ठाण मांडून बसले. चव्वेचाळीस दिवसांनी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, जगातल्या त्या बलाढ्य कंपनीला युनियनला मान्यता द्यावी लागली. १९४१ साली फोर्डही नमला. श्रमिकांच्या इतिहासात हा लढा मोलाचा आहे, यात शंका नाही.

पण या कारखान्यांच्या आत आणखी एक भिंत होती. काळ्या कामगाराला काम मिळे ते ओतशाळेत, भट्टीपुढे, रंगखात्यात. म्हणजे जेथे उष्णता, धूर आणि विषारी वाफा असतील तेथे. जून १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना वरच्या कामावर बढती मिळाली, आणि तेवढ्या कारणावरून सुमारे पंचवीस हजार गोरे कामगार काम टाकून बाहेर पडले. युनियनच्या राष्ट्रीय नेतृत्वाने या संपाला विरोध केला, हे नमूद केले पाहिजे. तिचा पुढचा अध्यक्ष वॉल्टर रूथर हा १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या व्यासपीठावरूनही बोलला. परंतु व्यासपीठावरची भूमिका खात्यापर्यंत पोहोचलीच नाही. म्हणूनच मे १९६८ मध्ये डॉज मेन या कारखान्यात काळ्या कामगारांनी 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही स्वतःची संघटना उभी केली. तिचा रोष कंपनीवर होता तसाच युनियनच्या गोऱ्या नोकरशाहीवरही होता.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला. पण धोट्यातून सूत ओढून घेण्यासाठी ते तोंडाने चोखावे लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याची दारे बंद. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. सगळ्यांनी मिळून संप करायचा, मग सगळ्यांना सगळ्या खात्यांत काम का नाही? हा प्रश्न डेट्रॉइटच्या ओतशाळेतूनही विचारला गेला. दोन्ही ठिकाणी 'आधी मालकाशी लढू, घरातले मग पाहू' हे उत्तर सोयीचे ठरत होते.

आता मूळ विषयाकडे वळू. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि पेट्रोलचे भाव भडकले. डेट्रॉइटच्या कंपन्या मोठ्या, भरपूर पेट्रोल पिणाऱ्या गाड्या काढत होत्या, कारण मोठ्या गाडीत नफा मोठा. गिऱ्हाइकाला मात्र लहान, काटकसरी गाडी हवी होती, आणि ती जपानकडे तयार होती. १९८० साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या दर पाच मोटारींमागे सुमारे एक जपानी होती. क्रायस्लर कंपनी बुडायला आली. सरकारने तिला दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी दिली; त्या बदल्यात कामगारांनी आपल्या पगारावर आणि सवलतींवर पाणी सोडले. युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. जेथे काळ्या कामगारांनी बंड केले होते तो डॉज मेन कारखाना जानेवारी १९८० मध्ये बंद पडला. कपातीचा नियम सेवाज्येष्ठतेचा होता : जो शेवटी आला तो आधी गेला. शेवटी कोणाला घेतले होते? नियम कागदावर रंग पाहत नव्हता. भरती करणाऱ्यांनी तो आधीच पाहून ठेवला होता.

कारखान्यातला माणूस रस्त्यावर आला की त्याला शत्रू दाखवावा लागतो. मोठ्या गाड्यांचा हट्ट धरणारे संचालक हा शत्रू असू शकला असता. पण त्यांच्याकडे बोट दाखवणे अवघड होते. समुद्रापलीकडे बोट दाखवणे सोपे होते. युनियनच्या मुख्य कचेरीच्या वाहनतळावर पाटी लागली. तीन लाख कामगार घरी बसले आहेत, परदेशी गाडी टोकियोत नेऊन लावा, अशा अर्थाची ती पाटी होती. जत्रा-मेळाव्यांत जपानी गाड्यांवर घण घालण्याचे कार्यक्रम होऊ लागले. घणाच्या प्रत्येक घावाला टाळ्या पडत होत्या, पण बंद कारखान्याचे एकही दार त्यामुळे उघडत नव्हते.

१९८० साली युनियन आणि फोर्ड कंपनी हातात हात घालून अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे गेल्या व आयात रोखावी अशी मागणी त्यांनी केली. नोव्हेंबरमध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती फेटाळली. उद्योगाच्या हानीला आयातीपेक्षा मंदी आणि लहान गाडीकडे वळलेली मागणी अधिक कारणीभूत आहे, असा बहुमताचा निष्कर्ष होता. तरीही राजकीय दबाव थांबला नाही. अखेर १ मे १९८१ रोजी, जागतिक कामगार दिनीच, जपानने वर्षाला १६ लाख ८० हजारांहून अधिक मोटारी अमेरिकेत पाठवणार नाही, असे जाहीर केले. यालाच 'ऐच्छिक' निर्यात मर्यादा म्हणतात. दांडगा शेजारी काठी घेऊन उभा असताना आपण जेवढे ऐच्छिक असतो, तेवढीच ती ऐच्छिक होती.

येथे व्यापार-धोरणाचे थोडे गणित समजून घेतले पाहिजे. आयात मालावर जकात बसवली तर माल महागतो, पण निदान जकातीचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. संख्येवर मर्यादा घातली तर टंचाई होते, भाव चढतो आणि तो वाढीव पैसा विकणाऱ्याच्या खिशात जातो. जपानी कंपन्यांनी नेमके हेच ओळखले. गाड्या मोजूनच पाठवायच्या, तर स्वस्त कशाला पाठवा? त्यांनी अधिक महाग, अधिक सोयींच्या गाड्या पाठवल्या. स्पर्धा सैल झाल्याने अमेरिकन कंपन्यांनीही भाव चढवले. १९८४ साली त्यांना विक्रमी नफा झाला आणि वरच्या अधिकाऱ्यांना भरघोस बक्षिसी मिळाली. पगार कापून घेतलेल्या कामगारांपैकी सगळे काही कामावर परत आले नाहीत. भिंत कामगाराच्या नावाने बांधली गेली होती. तिच्या सावलीत मालक बसला.

आणि 'देशी' तरी कशाला म्हणायचे? १९७१ पासून क्रायस्लर जपानच्या मित्सुबिशीने बनवलेली गाडी 'डॉज कोल्ट' या नावाने विकत होती. फोर्डची 'कुरियर' ही लहान मालगाडी माझदा बनवत असे. म्हणजे ज्या कंपन्यांसाठी कामगार जपानी गाड्यांवर घण घालत होते, त्याच कंपन्या जपानी गाड्यांवर आपला बिल्ला लावून नफा मिळवत होत्या. उलट नोव्हेंबर १९८२ पासून होंडाची 'अकॉर्ड' ओहायो राज्यातील मेरिसव्हिल येथे अमेरिकन कामगारांच्या हातून तयार होऊ लागली. यांतली देशी कोणती आणि परदेशी कोणती? भांडवलाला पासपोर्ट लागत नाही. तो कामगारालाच दाखवावा लागतो.

आणि काही वेळा तो दाखवूनही उपयोग होत नाही. जून १९८२ मध्ये डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्क येथे व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचे लग्न काही दिवसांवर आले होते. एका मद्यगृहातील भांडणानंतर दोन गोऱ्या माणसांनी त्याचा माग काढला आणि बेसबॉलच्या दांडक्याने त्याला मारले. चार दिवसांनी तो मरण पावला. मारणाऱ्यांपैकी एक क्रायस्लरमधला पर्यवेक्षक होता, दुसरा कामावरून कमी झालेला मोटार कामगार. तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, अशा अर्थाचे उद्गार ऐकल्याची साक्ष नोंदली गेली. व्हिन्सेंट जपानी नव्हताच. तो चिनी वंशाचा अमेरिकन होता. मार्च १९८३ मध्ये न्यायाधीशाने दोघांना तीन वर्षांची देखरेख आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली. पुढे नागरी हक्कांच्या खटल्यात एकाला झालेली पंचवीस वर्षांची शिक्षा अपिलात रद्द झाली आणि १९८७ च्या फेरसुनावणीत तो सुटला. तुरुंगवासाची शिक्षा कोणालाही भोगावी लागली नाही. आपल्या देशातील अत्याचारांचे निकाल वाचणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मी असे म्हणत नाही की आयातीने कामगाराचे काहीच बिघडत नाही. बिघडते. मुक्त व्यापाराचे गोडवे गाणारे अर्थपंडित स्वतःची नोकरी पणाला लावून ते गात नसतात. जपानी कंपन्यांनी अमेरिकेतच कारखाने काढावेत ही युनियनची मागणी योग्य होती आणि ती बऱ्याच अंशी पूर्णही झाली. पण कारखाने निघाले कोठे? निस्सानने १९८३ साली टेनेसी राज्यातील स्मर्ना येथे उत्पादन सुरू केले, टोयोटाने १९८८ साली केंटकीत. टेनेसीसारख्या दक्षिणेकडील राज्यांत कायदाच असा, की युनियनने करार करून आणावा, त्याचा लाभ सर्वांना मिळावा, पण वर्गणी द्यायची सक्ती कोणावर नाही. १९८९ साली स्मर्नाच्या कामगारांनी दोनास एकाहून अधिक मतांनी युनियन नाकारली. जपानी कंपन्या काळ्या वस्तीपासून दूरच्या जागा निवडतात, असा निष्कर्ष मिशिगन विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी १९८८ साली मांडला. त्याच वर्षी होंडाने ओहायोत डावलल्या गेलेल्या काळ्यांना व स्त्रियांना सुमारे साठ लाख डॉलर देण्याची तडजोड केली. नोकऱ्या 'देशात' आल्या. पण डेट्रॉइटच्या बेकार काळ्या कामगाराच्या दारात त्या आल्या नाहीत. 'आपला' या शब्दाने पुन्हा एकदा दगा दिला.

युनियनचे संख्याबळ १९७९ च्या सुमारास पंधरा लाख होते. आता ते चार लाखांच्या जवळपास आहे. तिला जे बळ परत मिळाले ते संघटनेतून मिळाले. २०२३ साली तिने तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी संप करून साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ मिळवली. त्या जोरावर एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतील चॅटनूगा येथील फोक्सवॅगनच्या कामगारांनी ७३ टक्के मतांनी युनियन निवडली. याच कारखान्यात २०१४ आणि २०१९ साली ती हरली होती. फोक्सवॅगन परदेशी कंपनी आहे. तिचा कामगार मात्र परका नाही, एवढे युनियनला उमगले तेव्हा हे घडले. पुढच्याच महिन्यात अलाबामातील मर्सिडीजच्या कारखान्यात ती हरली, म्हणजे वाट सोपी नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के जकात बसवली, तेव्हा या युनियनने तिचे स्वागत केले. जकातीमागे संघटना उभी राहिली तर कामगाराला काही मिळेल. नाहीतर १९८४ चा हिशेब पुन्हा मांडला जाईल.

अभ्यासवर्गातल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. आयात अडवणे हे औषध आहे की विष, हे ते कोणाच्या हाती आहे यावर ठरते. जकात मागायची तर सोबत लेखी अट मागावी : किती नोकऱ्या, कोणत्या गावात, कोणत्या पगारावर, आणि भरतीत कोणाला डावलणार नाही. अटीशिवाय मागितलेले संरक्षण मालकालाच मिळते. आणि ज्या संघटनेने आपल्या ओतशाळेतल्या, रंगखात्यातल्या, कंत्राटावरच्या आणि झाडूवरच्या माणसाला आपला मानले नाही, तिला सीमेवर भिंत बांधून काही वाचवता येणार नाही. तिचा खरा पराभव आतल्या भिंतीपाशी आधीच झालेला असतो. कार्यकर्त्यांनी पहिला घण त्या भिंतीवर घालावा.