भांडी जपा, घर जपा

आमच्या गावाचं नाव खापर आणि खानदेशात मांडे भाजायचं मातीचं भांडंही खापरच! मांडे झाल्यावर जुन्या बायका ते चुलीवरच निवू देतात. तापल्या खापरावर गार पाणी पडलं की ते तडकलंच समजा.

मैत्रिणींनो, हा नियम सगळ्याच भांड्यांना लावा. गरम नॉनस्टिक तवा नळाखाली धरला तर वाकतो. लोखंडी तवा धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, गंज चढणार नाही.

पितळी पातेल्याला मात्र जास्त जपावं लागतं. त्यातली कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून पातेलं रिकामं तापवू नका, तारेच्या घासणीने घासू नका. कल्हई उडून आत पिवळं दिसू लागलं, की त्यात ताक, कढी, चिंचेची आमटी अजिबात नको. आंबटामुळे तांबं अन्नात उतरतं. मग मळमळ, उलट्या ठरलेल्या.

कल्हईवाला आता क्वचितच दारावर येतो. म्हणून बचत गटाच्या बैठकीत मी सांगते, गल्लीतली भांडी एकत्र करा आणि त्याला एकदाच बोलवा. त्यालाही काम मिळेल आणि आजीचं पातेलं मोडीत जाणार नाही.