चंद्राच्या पोटातली ऊब
चंद्रावरचे अपरिचित प्रयोग : भाग ४

मागच्या भागात आपण अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या लेसर-परावर्तक आरशांची ओळख करून घेतली. आजचा प्रयोग त्याहून कमी नावाजलेला आहे. चंद्राच्या मातीत खोल भोक पाडायचे, त्यात तापमापकांची नळी सोडायची आणि वर्षानुवर्षे नोंदी घेत राहायचे, एवढाच तो. पण अंतराळवीरांना सर्वांत जास्त घाम फोडणाऱ्या कामांत त्याची गणना करावी लागेल.

प्रश्न असा होता की चंद्र आतून पार निवला आहे, की त्याच्या पोटात अजून ऊब आहे? युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून खडकांत उष्णता निर्माण होते आणि हळूहळू बाहेर झिरपते. दोन वेगवेगळ्या खोलींवरचे तापमान आणि मातीची उष्णतावाहकता कळली, की ही झिरप मोजता येते. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेतले मार्कस लँगसेथ या प्रयोगाचे प्रमुख होते.

खोल जायचे कारण ऊन. चंद्राच्या विषुववृत्ताजवळ पृष्ठभाग दुपारी शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि पहाटेपूर्वी उणे १७० च्या आसपास उतरतो. पण तिथली धूळ उष्णतेची इतकी वाईट वाहक आहे, की अर्धा-पाऊण मीटर खाली या चढउताराचा मागमूस राहत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे जमिनीखाली खोदत, कारण वर कितीही ऊन तापले तरी खालची हवा फारशी बदलत नाही. लँगसेथना तसाच स्थिर थर हवा होता.

पहिली यंत्रणा १९७० साली अपोलो १३ बरोबर निघाली आणि त्या मोहिमेच्या अपघातात गेली. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी बॅटरीवरच्या ड्रिलने भोके पाडायला घेतली. ड्रिलच्या सळईचे आटे सांध्यापाशी तुटक होते. त्यामुळे आतली माती वर यायला वाट मिळेना आणि ड्रिल अडकून बसले. दोन भोकांपैकी एक जेमतेम दीड मीटरच्या पुढे गेले, दुसरे एक मीटरपर्यंतच. १९७२ च्या एप्रिलमध्ये अपोलो १६ च्या चार्ल्स ड्यूक यांनी सुधारित ड्रिलने पहिले भोक व्यवस्थित पाडले, पण जॉन यंग यांचा पाय तारेत अडकला, तार उपकरणापाशीच तुटली आणि प्रयोग तिथेच संपला. डिसेंबरमध्ये अपोलो १७ च्या यूजीन सर्नन यांनी मात्र दोन्ही नळ्या दोन मीटरच्या खाली पोहोचवल्या.

हाती आलेले आकडे मोलाचे होते. अपोलो १५ च्या जागी दर चौरस मीटरमधून सुमारे २१ मिलिवॉट, तर अपोलो १७ च्या जागी सुमारे १६ मिलिवॉट उष्णता बाहेर पडत होती. पृथ्वीची सरासरी याच्या चौपट-पाचपट आहे. म्हणजे चंद्राच्या पोटात ऊब आहे, पण ती मंद आहे.

याच नोंदींत एक कोडेही दडले होते. नळ्यांभोवतीची जमीन वर्षागणिक किंचित तापत चालली होती. १९७७ च्या सप्टेंबरअखेर नासाने चंद्रावरची ही उपकरणे बंद केली. पुढे मूळ चुंबकीय फितींपैकी कित्येक हरवल्या आणि कोडे अर्धवट राहिले. टेक्सास टेक विद्यापीठाचे सेइची नागिहारा आणि त्यांचे सहकारी जुनी दप्तरे धुंडाळत बसले. १९७५ च्या एप्रिल ते जून या काळातल्या ४४० फिती त्यांना सापडल्या, त्या काळचे साप्ताहिक अहवालही मिळाले. २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. अंतराळवीरांच्या चालण्या-फिरण्याने वरची फिकट धूळ हलली आणि खालची काळपट माती उघडी पडली. काळपट माती ऊन जास्त शोषते. तीच उष्णता हळूहळू खाली मुरत गेली. मोजायला गेलेल्या माणसांच्या पावलांनीच मोजायची जमीन तापवली होती.

या प्रयोगाचा पुढचा धागा आपल्या शेजारी येतो. बडोद्यातल्या आपल्या वासण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादला, विक्रम साराभाईंनी १९४७ साली स्थापन केलेली भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने या प्रयोगशाळेच्या साथीने चांद्रयान-३ साठी ‘चास्टे’ हे उपकरण घडवले. दहा तापमापक बसवलेली त्याची नळी २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळच्या मातीत १० सेंटिमीटरपर्यंत उतरली. पहिल्याच आलेखात वर पन्नास अंशांच्या पुढे, तर अवघ्या ८ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास तापमान दिसले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर विश्लेषणाने आणखी एक गोष्ट दाखवली. सूर्याकडे सहा अंश कललेल्या त्या जागेवर पृष्ठभाग ८२ अंशांपर्यंत तापला होता, तर मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी तो ५९ अंशांच्या आसपास होता. ध्रुवापाशी बर्फ कुठे टिकेल, हे अशा लहानशा उतारावरही ठरू शकते.

चास्टेने चंद्राच्या पोटातली ऊब मोजलेली नाही. त्यासाठी उन्हाच्या लाटेखाली जावे लागते आणि वर्षांचा काळ लागतो. चास्टे वाहून नेणाऱ्या चांद्रयान-३ च्या ‘विक्रम’ या लँडरला एकच चांद्रदिवस मिळाला. अपोलोने खोलवरचे सांगितले, चास्टेने वरच्या थराचे. दोन्ही जोडल्याशिवाय चित्र पुरे होत नाही, आणि जोडायचे तर नोंदी जपलेल्या हव्यात. नागिहारांना त्या फिती मिळाल्या नसत्या तर चंद्र आतून तापतो आहे असा चुकीचा समजही रूढ होऊ शकला असता. चांद्रयानाची माहिती आज इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर खुली आहे. सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी ती उघडावी आणि त्यावर स्वतः आलेख काढून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. उपकरण बंद पडते, पण त्याने लिहून ठेवलेले कुणीतरी पुन्हा वाचले तर प्रयोग चालू राहतो.

(पुढील भागात : सूर्याचा वारा पकडणारा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा)