घरगुती सर्व्हरची एसएसडीवरील स्थापना : प्रारंभक्रियेतील दोषांचे निदान

घरातील छायाचित्रे, कागदपत्रांच्या प्रती व हिशेब एकाच ठिकाणी साठवून ते घरातील सर्व संगणकांस आणि मोबाइलांस पुरविणारे यंत्र म्हणजे घरगुती सर्व्हर होय. ह्या कामी नवे यंत्र क्वचितच घेतले जाते. बहुधा एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला संगणक, त्यात आधीपासूनची मोठी हार्ड डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टिमपुरती नव्याने बसविलेली १२८ वा २५६ जीबीची सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, अशी त्याची घडण असते. खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी ह्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. सुट्या भागांसाठी व जाणकारांसाठी पुष्कळदा सुमारे २५ किलोमीटरांवरील छत्रपती संभाजीनगरकडे पाहावे लागते; त्यामुळे प्रणाली शहरात बसवून घ्यावी आणि तयार एसएसडी दौलताबादचा घाट चढून गावी आणावी, हा क्रम सोयीचा वाटतो. शहरात बिनतक्रार चाललेली एसएसडी गावातल्या यंत्रात मात्र ‘प्रारंभयोग्य साधन सापडत नाही’ एवढाच संदेश देऊन थांबते, आणि दोष एसएसडीचा ठरविला जातो. वस्तुतः असा दोष एसएसडीचा क्वचितच असतो.

यंत्र सुरू होण्याची क्रिया ही चार हातांतून जाणारी आहे. मदरबोर्डवरील फर्मवेअर प्रथम जागे होते. ते बूटलोडर नावाचा लहानसा कार्यक्रम शोधते. बूटलोडर कर्नेलला स्मृतीत आणतो. आणि कर्नेल प्रणालीचा मुख्य विभाग शोधून पुढील कारभार हाती घेतो. ‘स्थापना यशस्वी झाली’ ह्या संदेशाचा अर्थ सर्व फायली जागच्या जागी लिहिल्या गेल्या, एवढाच असतो. पुढच्या वेळी फर्मवेअरला बूटलोडर सापडेलच, अशी ग्वाही त्यात नसते.

फर्मवेअरच्या शोधाच्या दोन रीती आहेत. जुन्या बायॉस रीतीत ते डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचते. त्यातील ४४६ बाइट कार्यक्रमासाठी, ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी आणि उरलेले २ ओळखचिन्हासाठी असतात. नव्या यूईएफआय रीतीत ते डिस्कवरील ईएफआय नावाच्या छोट्या विभागातील ठराविक फाइल उघडते. स्थापनेचा पेनड्राइव्ह ज्या रीतीने सुरू केला, बहुधा त्याच रीतीचा बूटलोडर प्रणाली लिहिते. यंत्राची मांडणी पुढे दुसऱ्या रीतीवर गेली, तर एसएसडी निर्दोष असूनही फर्मवेअरच्या लेखी ती रिकामीच असते. जुन्या संगणकात मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपलेली असते. वीज पूर्ण तोडताच घड्याळ मागे जाते आणि त्याबरोबर ही मांडणीही मूळपदावर येते. यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली, तर अन्य शोध घेण्यापूर्वी ती बॅटरी बदलावी.

सर्वांत फसवा दोष बूटलोडर भलत्याच डिस्कवर जाण्याचा होय. समजा, यंत्रात जुनी हार्ड डिस्क आहे, नवी एसएसडी आहे आणि पेनड्राइव्हही लावलेला आहे. लिनक्सपरिवारातील प्रणाली ह्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देतात. परंतु ती नावे सापडण्याच्या क्रमाने दिलेली असतात आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. प्रणाली एसएसडीवर व बूटलोडर जुन्या हार्ड डिस्कवर, असे सहज घडते. यूईएफआय रीतीतही काही स्थापनाकार्यक्रम जुन्या डिस्कवर आधीच असलेला ईएफआय विभाग वापरून मोकळे होतात. दोन्ही डिस्का जोडलेल्या आहेत तोवर सर्व सुरळीत चालते. जुनी डिस्क काढली, वा एसएसडी तेवढी दुसऱ्या यंत्रात नेली, की साखळी तुटते.

एसएसडी हलविण्याने आणखी एक अडचण उद्भवते. यूईएफआय रीतीत ‘अमुक डिस्कवरील अमुक फाइल उघडावी’ ही नोंद डिस्कवर नसते. ती मदरबोर्डच्या स्मृतीत असते. शहरातील यंत्रात झालेली नोंद एसएसडीबरोबर खुलताबादेस येत नाही. अशा वेळी फर्मवेअर एका सर्वमान्य पर्यायी जागी पाहते. तेथे बूटलोडरची प्रत असल्यास यंत्र सुरू होते. डेबियन प्रणालीच्या स्थापनाकार्यक्रमातील दुरुस्तीच्या मार्गाने ही प्रत मागाहूनही ठेवता येते. संपूर्ण प्रणाली पुन्हा बसविण्याचे कारण नाही.

ह्याच ठिकाणी खरी हानी संभवते. निदान चुकले की मनुष्य पुनःस्थापनेकडे वळतो, आणि घाईत ‘संपूर्ण डिस्क वापरा’ ह्या पर्यायापुढे एसएसडीऐवजी जुनी हार्ड डिस्क निवडली जाते. लग्नाची व गतकाळातील माणसांची छायाचित्रे नेमकी तीवरच असतात. हार्ड डिस्कवर पुसले गेलेले काही अंशी परत मिळण्याची आशा असते. एसएसडीवर तीही फारशी नसते; कारण नवी फाइलरचना करताना पुष्कळ प्रणाली ‘हे सर्व खंड आता निरुपयोगी’ असे एसएसडीला कळवितात व ती ते खंड आतल्या आत रिकामे करू लागते. म्हणून स्थापनेपूर्वी जुन्या डिस्कची तार काढून ठेवणे हा उपाय इतर सर्व सावधगिरीपेक्षा श्रेष्ठ आहे. तार काढणे शक्यच नसेल, तर नावावर न विसंबता क्षमता व लेबलावरील क्रमांक ताडून पाहावा.

एसएसडी मुळीच न दिसणे हा प्रकार निराळा. एम-डॉट-टू आकाराच्या पट्ट्या दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसण्यात साम्य असले तरी दोहोंची भाषा वेगळी आहे. एका जातीपुरत्याच बनविलेल्या खाचेत दुसरी बसली तरी बोलत नाही. इंटेलच्या यंत्रांत साठवणूक ‘रेड’ मांडणीत असल्यास स्थापनाकार्यक्रमाला एसएसडी दिसत नाही, असाही अनुभव येतो; ती मांडणी ‘एएचसीआय’ केल्याने प्रश्न सुटतो. मात्र त्याच यंत्रात आधीची विंडोज ठेवावयाची असेल, तर हा बदल विचारपूर्वक करावा; नाहीतर तीच सुरू होईनाशी होते.

वापरलेल्या एसएसडीवरील जुन्या खुणाही त्रास देतात. जीपीटी कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. झेडएफएस आपल्या चार खुणांपैकी दोन आरंभी व दोन शेवटी ठेवते. केवळ आरंभीचा भाग पुसल्याने त्या जात नाहीत, आणि नवी प्रणाली जुन्याच रचनेची ओळख सांगत राहते.

मराठी वाचकास विशेष उपयोगी अशी एक बाब येथे नोंदविण्याजोगी आहे. डेबियनची स्थापना मराठीतून करता येते, परंतु ती चित्रमय पद्धतीनेच. लिनक्सच्या साध्या अक्षरपटलास देवनागरीची जोडाक्षरे जुळविता येत नाहीत. त्यामुळे मराठी निवडलेल्या सर्व्हरचे दोषसंदेश नेमके अडचणीच्या वेळी चौकोनांच्या रूपात प्रकटतात. ही उणीव भाषेची नसून पटलाची आहे. तूर्त स्थापना मराठीतून समजून घ्यावी व सर्व्हरची भाषा इंग्रजी ठेवावी, हेच व्यवहार्य दिसते.

स्थापना चालू असता वीज गेली, तर अर्धवट लिहिलेले विभाग पुढे चालविण्यापेक्षा ते पुसून आरंभापासून सुरुवात करणे बरे. साध्या एसएसडीत वीज अकस्मात तुटल्यास हातातले काम पुरे करण्याइतकी ऊर्जा साठविणारे भाग बहुधा नसतात. म्हणून पावसाळी गडगडाटाच्या दिवसांत यूपीएसवाचून हे काम हाती घेऊ नये.

प्रणाली एसएसडीवरून एकट्याने दोनदा सुरू झाली की छायाचित्रांची डिस्क पुन्हा जोडावी. प्रणालीच्या कोष्टकात तिची नोंद एसडीबी अशा नावाने न करता तिच्या स्थायी ओळखक्रमांकाने करावी, आणि ‘ही नसली तरी थांबू नये’ असा शेराही त्यात घालावा. तो नसल्यास एखादी तार सैल होताच सर्व्हर दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत थांबतो, आणि एसएसडी पुन्हा एकदा विनाकारण दोषी ठरते.