हिंगूळ, पिवळी माती, पांढरा आणि काळा

पाश्चात्त्य पद्धतीने चित्र काढायला शिकवणारी शाळा एकेकाळी शनिवारवाड्यात भरत होती, हे शनिवार पेठेत जन्म काढलेल्यांनाही सहसा ठाऊक नसते. पेशवे दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने ती कल्पना पेशव्यांच्या गळी उतरवली. १७९१ मध्ये मुंबईत उतरलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढच्याच वर्षी पुण्यात आला आणि सवाई माधवराव, नाना फडणीस त्याच्यासमोर बसले. त्या दोघांचे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्या काळी पॅलेटवर रंग असून असून किती असणार? कोबाल्ट ब्लू एकोणिसाव्या शतकातला, कॅडमियमचे पिवळे-तांबडे त्याहून पुढचे. शिशाचा पांढरा, पिवळी माती, हिंगूळ आणि हाडे जाळून केलेला काळा एवढ्यावर चेहरा उभा राहू शकतो. प्रशियन ब्लू मिळत होता, पण त्वचेला त्याची गरज फारशी नाही.

याच चौकडीला पुढे स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्नचे नाव चिकटले. १८९६ च्या आत्मचित्रात त्याच्या हातातल्या पॅलेटवर चारच रंग दिसतात. शिकणाऱ्याला खरी गंमत सापडते ती काळ्यात. त्यात पांढरा मिसळून तांबूस गालाशेजारी ठेवला की तो निळा भासतो. पिवळ्या मातीत मिसळला की हिरवट छटा निघते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांच्या हाफटोनला, म्हणजे उजेड आणि सावलीमधल्या भागाला, बऱ्याचदा तीच हवी असते. नवशिका बारा ट्यूबा मांडून गालाचा रंग शोधत बसतो. चुकलेला असतो त्याचा उजेड-अंधार. चारच रंग असले की ही पळवाट बंद होते. सुरुवातीला यापरता चांगला गुरू नाही, असे माझे मत.

पुण्यातल्या शाळेचा तो डाव मात्र लवकर मोडला. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यात वरून पडून वारले, पुढच्याच महिन्यात वेल्स गेला. मॅलेटसाठीचे पेशवे दरबाराचे मोठे चित्र वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केले, तेही विलायतेत. वेल्सच्या हाताखालचा गंगाराम तांबट मूळचाच तयार गडी. वेल्स यायच्या आधी, १७९० मध्ये, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारला होता. पण त्याची ओळखीची कामे रेखाटने आणि जलरंगातलीच. गुरू तीन-चार वर्षांत गेल्यावर तैलरंगाचा हात बसणार कधी? १८२८ च्या आगीत वाडाही जळाला.

तैलव्यक्तिचित्र महाराष्ट्रात रुजले ते १८५७ मध्ये मुंबईत निघालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे. त्रिंदाद, हळदणकर, गोपाळ देऊसकर ही सगळी तिथली नावे. देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व, एकदा पुरुषवेषात आणि एकदा स्त्रीवेषात, पेठेतून नदी ओलांडली की बालगंधर्व रंगमंदिरात भेटतात. तैलरंग शिकू पाहणाऱ्याने नाटकाला जरा आधी जाऊन ते दोन चेहरे नीट पाहावेत. रंगांचा मोठा डबा त्यानंतर घ्यावा, घ्यावासा वाटलाच तर.