थापट्या गोल गोल का फिरतो?

दोन वर्षांनी परवा पुन्हा नांदूर मध्यमेश्वरला गेलो. तिथल्या चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, धुक्यातून चक्रवाकांचा आवाज येत होता. किती बरं वाटलं!

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या. पक्ष्यांना हेच हवं असतं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हेच.

यंदा माझा मुक्काम थापट्यांपाशीच पडला. हे बदक उत्तरेकडून हिवाळ्यात येतं. चोच फावड्यासारखी, टोकाशी रुंद. आतल्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. पाणी तोंडात घ्यायचं, दात्यांमधून बाहेर सोडायचं, अडकलेले सूक्ष्म जीव आणि बिया गिळायच्या.

पंधरा-वीस थापटे एकामागोमाग गोल फिरत होते. प्रत्येकाची चोच पुढच्याच्या शेपटीपाशी. पायांनी पाणी ढवळलं की खालचं खाद्य वर येतं, ते मागच्याला मिळतं. दुर्बीण खाली ठेवावीशी वाटेना.

शेजारीच काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी दिसले तर ते वारकरी. नाव किती चपखल आहे!

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, पहाटे. कपडे मातकट रंगाचे घाला आणि कृपा करून फोटोसाठी पक्षी उडवू नका. त्यांना पुढे लांबचा प्रवास करायचा असतो.

दुर्बीण कोणती घ्यावी, पक्षी कसे ओळखावेत, काहीही विचारा.